मंडळासाठी कीबोर्ड घ्यावा की स्टेज पियानो?

आज हप्ते, व्याज आणि बँकेच्या चकरा थोड्या बाजूला ठेवू. पैशाचा विषय शेवटी येईलच, तो काही आपल्याला सोडत नाही.

गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गावांतल्या महिला भजनी मंडळांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली. मंडळाला आता शेजारच्या गावांतून बोलावणी येतात. सप्ताह, हळदीकुंकू, गणपती, शाळेचे स्नेहसंमेलन. मंडप मोठा, माईक लावलेले. तिथे एका पेटीचा आवाज पुरत नाही आणि भजनाबरोबर लोक भावगीतही मागतात. मग स्टेजवर वाजवायला इलेक्ट्रॉनिक वाद्य कोणते घ्यावे? एका मंडळाला तर तालुक्याच्या दुकानात ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो दाखवून ‘घ्यायचं तर हेच, बाकीची खेळणी आहेत’ असे सांगितले. बायका बिचकल्या आणि नुसते माहितीपत्रक घेऊन परत आल्या. बरेच झाले.

या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट आहे, ती आधी बोलून घेऊ. बऱ्याच मंडळांत गाणाऱ्या साऱ्या बायका, पण पेटी वाजवायला बाहेरचे कोणीतरी. त्याला वेळ असेल तेव्हा सराव, तो म्हणेल ती पट्टी, आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी त्याला दुसरीकडची जास्त पैशांची सुपारी मिळाली की आपली गाडी अडते. वाद्य आपले आणि वाजवणारीही आपली असली, तर मंडळ स्वतःच्या पायावर उभे राहते. म्हणून ही खरेदी हौसेची समजू नका. पण चुकीचे वाद्य घेतले तर ते कपाटावर पडून राहील, आणि ‘बायकांना काय जमतंय’ म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळेल.

दुकानात तीन प्रकार दिसतील. पहिला साधा कीबोर्ड. त्याला बहुधा ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके. पट्ट्या हलक्या, आत स्पीकर, शेकडो आवाज आणि ताल. दुसरा डिजिटल पियानो. त्याला ८८ पट्ट्या, खऱ्या पियानोइतक्या, आणि पट्टी दाबताना बोटाला वजन लागते. तिसरा स्टेज पियानो. तो खास कार्यक्रमासाठी बनवलेला, कधी ७३ तर कधी ८८ पट्ट्यांचा. त्यातल्या पुष्कळ मॉडेलांत स्वतःचा स्पीकर नसतोच. घरी आणून चालू केला आणि आवाज आला नाही तर तो बिघडला आहे असे समजू नका, त्याला साउंड सिस्टीम जोडल्याशिवाय तो बोलत नाही.

स्टेज पियानो ही काही कालची वस्तू नाही. अमेरिकेत हॅरल्ड रोड्स नावाच्या माणसाने विजेवरचा पियानो बनवला होता. त्यात छोट्या हातोड्या धातूच्या काड्यांवर पडतात आणि तो आवाज विजेने मोठा होतो. १९७० च्या दशकात त्याचे ७३ पट्ट्यांचे ‘स्टेज’ मॉडेल जगभर गाजले. पण ते ५० किलोच्या वरचे, उचलायला दोन गडी लागत. आजच्या डिजिटल वाद्यात तारा, काड्या काहीच नाहीत. खऱ्या पियानोचे, पेटीचे, बासरीचे आवाज ध्वनिमुद्रित करून आत साठवलेले असतात. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. या दोन्हींमध्ये किती वेळ गेला ते यंत्र मोजते. वेळ कमी म्हणजे पट्टी जोरात मारली, आवाज मोठा. वेळ जास्त म्हणजे हळूच दाबली, आवाज नाजूक.

पेटी वाजवणाऱ्या बाईला हे नीट कळले पाहिजे, कारण पेटीचे गणित उलटे आहे. पेटीत आवाजाचा जोर भात्यात असतो, बोटात नसतो. पट्टी कशीही दाबा, हवा जितकी तितका सूर. आणि पट्टी धरून ठेवली, भाता चालू ठेवला, की सूर लांबत राहतो. पियानोचा सूर तसा नाही. तो वाजतो आणि लगेच विरायला लागतो. त्यामुळे पेटीच्या सवयीने पियानोच्या आवाजात अभंग वाजवला, तर मध्ये मध्ये रिकाम्या जागा पडतात आणि गाणारीला आधार मिळत नाही. दुसरे म्हणजे, भात्याचा डावा हात इथे मोकळा होतो. त्या हाताने सा, ग, प असे सूर एकत्र धरून भरणा द्यायचा असतो, आणि ते शिकावे लागते. शिकेपर्यंत वाद्यातला पेटीचा किंवा व्हायोलिनसमूहाचा आवाज निवडून वाजवावे. ते आवाज पट्टी धरेपर्यंत टिकतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. भजन, भावगीत, भक्तिगीत, शाळेचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळाला ८८ पट्ट्यांचे जड वाद्य लागत नाही. साधी पेटी तीन-साडेतीन सप्तकांची असते, आणि तेवढ्यात आपले सारे गाणे बसते. पाच सप्तके भरपूर झाली. वजनदार पट्ट्या लागतात त्या पियानो म्हणूनच पियानो वाजवणाऱ्यांना. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमधल्या गायनवृंदाबरोबर वाजवणाऱ्या आपल्या बहिणी आहेत, किंवा एखादी मुलगी पाश्चात्त्य संगीताच्या पियानोच्या परीक्षा देते आहे, तिच्या बोटांना ते वजन हवेच. हलक्या पट्टीवर शिकलेली बोटे खऱ्या पियानोवर अडखळतात. तिने ८८ पट्ट्यांचाच घ्यावा.

वजनाचा आणखी एक अर्थ आहे, तो आपल्या खांद्याला कळतो. यामाहाचा पी-४५ हा नेहमी दिसणारा डिजिटल पियानो साडेअकरा किलोंचा आहे, आणि तो हलक्यांतला. मोठ्या स्टेज पियानोंपैकी यामाहाचा सीपी-८८ साडेअठरा किलोंच्या वर, रोलँडचा आरडी-२००० तर २१ किलोंच्या वर. लांबी चार फुटांहून जास्त. तो घेऊन एसटीत चढून दाखवा! प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पो करावा लागला तर मानधन त्यातच गेले. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पिशवीत घालून एक बाई पाठीला लावू शकते. शिवाय आपण भजनाला खाली बसतो. चार फुटी वाद्य मांडीपुढे ठेवले तर दोन्ही टोकांना हात पोचत नाहीत. ६१चे वाद्य चौरंगावर छान बसते. फक्त एक बघा, काही वाद्यांचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. ते सतरंजीवर ठेवले की आवाज सतरंजीच पिते.

आता पट्टीबद्दल, म्हणजे गाण्याच्या पट्टीबद्दल. इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरी सोय आणि खरा घोटाळा दोन्ही इथेच आहेत.

आपल्या बायका साधारण काळी चार, काळी पाच अशा पट्टीत गातात. पुरुष मंडळींची बहुधा काळी एक, पांढरी दोन. शिकणारी मुलगी मात्र पांढरी एकला सा धरून शिकते, कारण तिथे सारे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. मग गाणारी काळी चार म्हणाली की मुलगी गोंधळते. यावर कीबोर्डमध्ये ‘ट्रान्सपोज’ नावाची सोय असते. एक घर वर, एक घर खाली असा साऱ्या वाद्याचा सूर सरकवता येतो. पांढरी एकपासून मोजा. काळी एक हे पहिले घर, पांढरी दोन दुसरे, काळी दोन तिसरे, पांढरी तीन चौथे, पांढरी चार पाचवे, काळी तीन सहावे, पांढरी पाच सातवे, काळी चार आठवे. म्हणजे काळी चारसाठी आठ घरे वर. किंवा वरच्या सप्तकापासून उलटे मोजले तर चार घरे खाली, म्हणजे पडद्यावर उणे ४. काळी पाचसाठी दोन घरे खाली, उणे २. हे आकडे एका कागदावर लिहून वाद्याच्या बाजूला चिकटवून ठेवा. आता मुलगी पांढरी एकवरच वाजवेल आणि ऐकू येईल काळी चार.

पण कायम याच सोयीवर राहू नका. शेजारी पेटीवाला असेल आणि त्याने ‘काळी पाच’ म्हटले, तर दोघांच्या बोटांच्या जागा वेगळ्या पडतात, एकाचे बघून दुसऱ्याला वाजवता येत नाही. वर्षभरात आपल्या मंडळाच्या दोन ठरलेल्या पट्ट्या तरी जागेवर वाजवायला शिकाव्यात.

दुसरी गोष्ट सूर जुळवण्याची. कीबोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर लावलेली असते. सगळे जग तेच माप धरते. आपली पेटी मात्र त्याच मापाला असेल असे नाही. पात्यांवर धूळ बसते, पेटी जुनी होते, सूर सरकतो. दोन्ही एकत्र वाजले की कुठेतरी खटकते, आणि मग गाणारीलाच ‘बेसूर’ म्हणतात! तपासायचे कसे? दोन्हींवर मधली पांढरी सहा एकदम धरा. आवाजात लाट येते का ऐका, वँव, वँव, अशी. पेटी ४४३ला असेल तर सेकंदाला तीन लाटा येतील. कीबोर्डच्या मेनूमध्ये ‘ट्यूनिंग’ म्हणून जागा असते. तिथे आकडा थोडा थोडा बदलत जा. लाट मंद होत जाईल, आणि थांबली की सूर जुळला. पेटी बदलता येत नाही, कीबोर्ड बदलतो. म्हणून खरेदी करताना ही सोय आहे का हे विचाराच. अगदी स्वस्त वाद्यांत ती नसते.

पेटीचे नाव निघाले म्हणून सांगतो. सूर एकेका पट्टीत बांधलेले, मींड घेता येत नाही, या कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, आणि ती पुढे तीसेक वर्षे राहिली. ज्या रेडिओवर आम्ही आज बोलतो आहोत त्याच्या थोरल्या बहिणीची ही गोष्ट. आता कीबोर्डच्या डावीकडे ‘पिच बेंड’चे चाक असते, ते फिरवले की सूर घसरत नेता येतो. बासरीच्या आवाजात हे फार गोड लागते. पेटीच्या आवाजात मात्र करू नका, ऐकणाऱ्यांना पेटी रडते आहे असे वाटते.

दुकानदार सांगेल, सहाशे आवाज आहेत, दोनशे ताल आहेत. आपल्याला लागतात सात-आठ आवाज. पेटी, पियानो, बासरी, सतार, व्हायोलिनसमूह, तानपुरा. यामाहाचे पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओची नावाच्या शेवटी ‘आयएन’ असलेली मॉडेल खास भारतासाठी काढलेली आहेत, त्यांत हे देशी आवाज मिळतात. तालांचे म्हणाल तर भजनात ते बंदच ठेवावेत. मंडळात मृदंग किंवा ढोलकी वाजवणारी असताना यंत्राचा ताल कशाला? भजन रंगत जाते तशी लय आपोआप वाढते, यंत्राला ते कळत नाही. गाणारी पुढे जाते आणि यंत्र मागे राहते. सरावाला, एकटीने वाजवताना, त्याचा उपयोग आहे.

आता मागची बाजू बघू. वाद्य नेहमी पुढून बघतात, आम्ही म्हणतो आधी पालथे करून मागच्या छिद्रांकडे बघा. स्टेजचे सारे काम तिथे आहे.

मंडपातल्या मिक्सरला आवाज द्यायला ‘लाइन आउट’ लागते. चांगल्या वाद्याला दोन असतात, डावे आणि उजवे. डाव्यावर ‘मोनो’ लिहिलेले असेल तर एकच वायर त्यात लावली तरी पूर्ण आवाज जातो. घरगुती कीबोर्डला बरेचदा फक्त हेडफोनचे छिद्र असते. त्यातूनही मिक्सरला जोडता येते, पण पिन घातली की वाद्याचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. मंडपातले मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून. मग वाजवणारीलाच स्वतःचे वाजवणे ऐकू येत नाही आणि ती घाबरून जोरजोरात वाजवते. म्हणून लाइन आउट वेगळे असलेले घ्यावे. नसेल तर साउंडवाल्याला आधीच सांगावे, आमच्या बाजूला एक स्पीकर आमच्याकडे तोंड करून ठेव. तो ‘लागत नाही ताई’ म्हणेल. लागतो.

वायर साधी असेल तर पंधरा-वीस फुटांपेक्षा लांब नसावी. लांब वायर घरघर ओढून घेते. मिक्सर लांब असेल तर साउंडवाल्याकडे ‘डीआय बॉक्स’ नावाची छोटी डबी असते, ती मागा. वाद्य जोडताना किंवा काढताना मिक्सरवरचा आपला आवाज खाली असावा, नाहीतर धडाम्‌ आवाज होतो आणि स्पीकर जातो. आधी वाद्य चालू, शेवटी साउंड. बंद करताना उलटे.

वीज हा आपल्या गावाचा स्वतंत्र विषय. काही कीबोर्ड सहा पेन्सिल सेलवर चालतात. मोठ्या स्टेज पियानोंना ही सोय सहसा नसते, आणि आमच्या मते एवढ्या एका कारणासाठीही आपल्या भागात सेलवर चालणारे वाद्य बरे. वाद्य सेलवर चालू असले तर वीज गेली तरी सूर तुटत नाही. सेलवर चालू नसेल तर वीज जाऊन आल्यावर बहुतेक वाद्ये पहिल्या स्थितीला येतात. तुम्ही लावलेले उणे ४ पुसले जाते, आवाज पेटीचा होता तो पियानोचा होतो. गाणारी काळी चारमध्ये आणि वाद्य पांढरी एकमध्ये! वीज आल्यावर आधी पडद्यावरचा आकडा बघायचा, मग हात टाकायचा. आणखी एक. पुष्कळ वाद्ये अर्धा तास कोणी हात लावला नाही तर आपोआप बंद होतात. कीर्तनकार बुवा निरूपणात रंगले की अर्धा तास सहज जातो. ही सोय बंद करता येते, कसे ते त्या वाद्याच्या पुस्तिकेत असते. दुकानातच करून घ्या.

अॅडॉप्टर हरवला तर दुसऱ्या कशाचा पिन बसतो म्हणून लावू नका. किती व्होल्ट आणि आतला टोक धन की ऋण, हे दोन्ही जुळले पाहिजे. त्याचे छोटे चित्र अॅडॉप्टरवर आणि वाद्यावर छापलेले असते.

दुकानात जाताना गाणारी आणि वाजवणारी दोघींनी जावे, आणि सोबत आपली पेटी न्यावी. लाजू नका, आपण पैसे देणार आहोत. गाणारीने तिच्या पट्टीत एक पूर्ण अभंग गावा, वाजवणारीने साथ करावी. एकच पट्टी हळू, मग जोरात दाबून बघा, आवाजात फरक पडला नाही तर ते वाद्य मुलांचे खेळणे आहे. पट्ट्यांची रुंदी पेटीच्या पट्टीशी मापून बघा, काही स्वस्त वाद्यांत त्या आखूड असतात. एकदम दहा सूर धरून बघा, आधीचे सूर तुटतात का. पायाचा पॅडल जोडून दाबा. तो उलटा चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर पॅडल दुसऱ्या कंपनीचा आहे, बदलून घ्या. जुने वाद्य घेत असाल तर डावीकडून उजवीकडे एकूण एक पट्टी वाजवा. एखादी फारच जोरात वाजते किंवा दोनदा वाजते, तर तिच्याखालचे रबर गेले आहे. ते बदलता येते, पण त्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

पैसे. चांगला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड १५ ते २५ हजारांत बसतो, वजनदार पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा पियानो त्याच्या दुपटीच्या आसपास सुरू होतो आणि मोठे स्टेज पियानो लाखाच्या वर जातात. स्टँड, पिशवी, वायर, पॅडल यांचे वेगळे धरा. आमचे सांगणे एवढेच की बचत गटाच्या बचतीतून किंवा फिरत्या निधीतून हे घेऊ नका. गटातल्या सगळ्याच जणी भजनी मंडळात नसतात, आणि ज्या बाईला शेळीसाठी कर्ज हवे होते तिचे पैसे वाद्यात अडकले तर गटात भांडण ठरलेले. मंडळाचे खाते वेगळे ठेवा. १२ जणींनी महिना १०० रुपये काढले तर १८ महिन्यांत २१,६०० होतात, मधल्या कार्यक्रमांचे मानधन त्यात टाकले तर आणखी लवकर. पक्के बिल मंडळाच्या नावाने घ्या. वाद्य कुणाच्या घरी राहणार, बाहेर भाड्याने द्यायचे का, बिघडले तर खर्च कुणाचा, हे तिन्ही ठराव वाद्य घरी यायच्या आधी वहीत लिहून सह्या करा.

आणि शिकवायचे कुणाला? सगळे बोट दाखवतात कॉलेजच्या मुलीकडे. तिची बोटे चालतात, तिला मेनू कळतो. पण दोन वर्षांत तिचे लग्न होते आणि वाद्य मुके होते. म्हणून तिच्याबरोबर एक सून शिकायला बसवा. ती इथेच राहणार आहे. घरचे काम आटोपून तिला रोज अर्धा तास मिळावा म्हणून सासूशी बोलायचे काम मंडळाच्या अध्यक्षांनी करावे. हेडफोन लावून वाजवले तर घरात कुणालाच आवाज जात नाही, रात्री दहालाही सराव होतो. सासूला हे आधी सांगा.

देखभाल फार नाही. वर जाड कापड, पावसाळ्यात पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या, आणि वायर उंदराच्या तोंडी लागणार नाही अशा जागी. ओल्या फडक्याने पुसायचे नाही, कोरड्याने पुसायचे. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू पट्ट्यांवर वाहू नका. ती पूड फटीतून खाली जाऊन त्या दोन संपर्कबिंदूंवर बसते. पूजा पिशवीवर करा, नारळही तिथून लांबच फोडा.